बारी संपल्यावरचा फोटो

डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने त्यासाठीचा राज्याचा कायदा वैध ठरवला. या दोन निकालांनी गाडामालकांचं जितकं भलं केलं, तितकंच शिरूर तालुक्यातल्या विशी-पंचविशीच्या फोटोग्राफर पोरांचंही केलं. यात्रेच्या दिवसांत शर्यतीच्या कुठल्याही घाटावर जा, कडेने कॅमेऱ्यांची रांग लागलेली असते.

हे काम सोपं नाही. बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, सुटते तेव्हा पुढे घोडी, मागे चार बैल आणि सगळ्यावर भंडाऱ्याचा पिवळा धुरळा. खेळ दहा-बारा सेकंदांचा. ऑटोफोकस एकतर धुळीला चिकटतो, नाहीतर घोडीला. म्हणून जाणता पोरगा घाटातली एक जागा आधीच हेरतो, फोकस तिथे बांधून ठेवतो, शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर आणतो आणि गाडा तिथे येण्याची वाट बघतो. बैलांचे पाय हवेत, गाडीवानाचा हात वर, एकेक दाणा सुटा दिसणारा भंडारा. धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, हे एडवर्ड मुयब्रिजने कॅलिफोर्नियात १८७८ साली कॅमेरे ओळीने मांडून दाखवलं होतं. आमची पोरं तेच रोज एका हाताने करतात. तंत्रात ती शहरातल्या कुणाला हार जाणारी नाहीत.

तक्रार पुढची आहे. या फोटोंच्या कोपऱ्यातलं नाव झाकलं तर फोटो कुणाचा हे सांगता येत नाही. शंभर जणांकडे तोच क्षण, तोच पिवळा रंग. बारी संपल्यावर तोंडाला फेस आलेला बैल, निकाल ऐकून गप्प झालेला मालक, रात्री पिकअपमध्ये जनावरांशेजारीच झोपलेली पोरं हे क्वचितच कुणी टिपतं. टिपलंच तर ते हार्ड डिस्कमध्ये पडून राहतं, कारण रात्री अकराला डाटा उतरवायचा, साडेअकराला प्रीसेट मारायचा आणि बाराच्या आत पोस्ट टाकायची, अशी शर्यत फोटोग्राफरचीही चालू असते. फोटो काढणं हे कलेचं अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे निवड, आणि तिला इथे वेळच मिळत नाही.

याचं एक कारण पोटापाण्यात आहे. लेन्सचा हप्ता लग्नाच्या ऑर्डरी फेडतात, त्याबद्दल नाक मुरडण्याचं कारण नाही. पण ऑर्डरी डोळाही घडवतात. मागचं सगळं धूसर, चेहरा गुळगुळीत, संध्याकाळचं सोनेरी ऊन. ही सवय मग दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळावरही सोबत येते. पहाटेच्या गारठ्यातून आत शिरलं की लेन्सवर वाफ धरते, काहिलीवरच्या पांढऱ्या वाफेला फसून मीटर फोटो काळवंडवतो, आणि चुलवाणाचा जाळ सोडला तर सगळा अंधार, भिंती काजळीने काळ्या. अशा उजेडातून मार्ग काढणारे हात इथे आहेत. मात्र हाती येतं काय? वाफेतून आलेला एक सुंदर किरण आणि त्यात गुळव्याची सावली. चुलवाणात चिपाडं सारणारा जळव्या दिवसभर कसा बसतो, जेवतो कुठे, कुठून आला, हे त्या किरणात विरघळून जातं.

वारीचंही तसंच. उद्धव ठाकरे यांनी हेलिकॉप्टरमधून टिपलेल्या वारीचं ‘पहावा विठ्ठल’ हे पुस्तक आलं तेव्हा ती दृष्टी नवी होती. आता तुकोबांची पालखी रोटी घाटात आली की डोक्यावर ड्रोन घरघरतात. वरून वारी नदीसारखी दिसते हे सगळ्यांना ठाऊक झालं आहे. यवतच्या मुक्कामात पिठलं-भाकरीच्या पंगतीला बसलेली म्हातारी मात्र वरून दिसत नाही.

महत्त्वाकांक्षा विचारली तर उत्तरं ठरलेली: उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्ष्यांचा एक जबरदस्त फोटो, त्याला स्पर्धेत बक्षीस, मग पुण्यात बालगंधर्व कलादालनात प्रदर्शन. यात वाईट काही नाही, पण तिन्ही पायऱ्या एकेका फोटोवर उभ्या आहेत. मराठी मुलखात ज्यांनी या माध्यमात नाव केलं त्यांची वाट वेगळी दिसते. संदेश भंडारे तमाशाच्या फडांमागे फिरले आणि त्यातून ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक झालं. पद्मश्री मिळालेले सुधारक ओलवे मुंबईच्या सफाई कामगारांकडे पुन्हा पुन्हा जात राहिले. इंद्रजित खांबे तर कणकवलीतच राहिले, दशावतारी मंडळींत मिसळले आणि पुढे मोबाइलवरही त्यांचं काम अडलं नाही. शिरूरच्या पोराला पुण्या-मुंबईतल्या कुणापेक्षा हे कणकवलीचं उदाहरण जास्त जवळचं वाटायला हवं.

एक अडचण मात्र खरी आहे. आमच्या गावांत मोठ्या आकारात छापलेला फोटो म्हणजे चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स. वीस फोटो भिंतीवर ओळीने लावून त्यातले बारा काढून टाकायची, आणि ते का काढले यावर भांडायची सवय ना शिरूरात, ना दौंडात. लाइकचा आकडा समीक्षेचं काम करू शकत नाही. पी. साईनाथ यांनी २०१४मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’सारख्या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाला अशा मालिका हव्या असतात, पण तिथे पाठवायला मालिका आधी व्हायला हवी.

विषयांची वानवा नाही. दौंडचंच घ्या. दौंड-मनमाड लाइन १८७८ची. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला थांबायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडलं जायचं, आणि तेवढ्या वेळात फलाटावर चहा-वड्याचा धंदा व्हायचा. आता कॉर्ड लाइनमुळे काही गाड्या जंक्शनला वळसा घालून परस्पर निघून जातात. रेल्वेवर वाढलेल्या गावाचं यात काय बदललं, फलाटावर, रेल्वे कॉलनीत, हमालांच्या घरी, हे कुणीतरी दोन-तीन वर्षं धरून टिपावं. आषाढी ते कार्तिकी लग्नं नसतात. ते चार महिने ऑर्डरीही नसतात.