‘अचूक’ म्हणजे किती मीटर? मॅकेन्झींचं ‘इन्व्हेंटिंग ॲक्युरसी’ वाचताना

डोनाल्ड मॅकेन्झी यांचं ‘इन्व्हेंटिंग ॲक्युरसी’ (१९९०) हे क्षेपणास्त्रांच्या दिशादर्शनाचा इतिहास सांगणारं जाडजूड पुस्तक आहे. पीएचडीला बसण्याआधी ते वाचाच, विषय कुठलाही असो. पण वाचताना थोडं भांडत वाचा.

आधी यंत्रणा. जडत्वीय दिशादर्शनात बाहेर कुणालाच काही विचारायचं नसतं. त्वरणमापी त्वरण मोजतो, जायरो दिशा धरून ठेवतो, दोनदा इंटिग्रेशन केलं की अंतर मिळतं. गोम अशी की चूकसुद्धा दोनदा इंटिग्रेट होते. त्वरणमापीत गुरुत्वत्वरणाच्या दहा हजाराव्या भागाइतकी कायमची चूक धरा: ढोबळ हिशेबाने १०० सेकंदांत ५ मीटर, पण १० मिनिटांत पावणेदोनशे. पाणबुडी तर आठवडेच्या आठवडे पाण्याखाली. तिचा जायरो तासाला एका अंशाचा शंभरावा भाग जरी सरकला, तरी तासाला साधारण एक किलोमीटरचा घोळ. शिवाय क्षेपणास्त्र सोडताना दिशेत एका अंशाचा साठावा भाग चुकला, तर ३५०० किलोमीटरवर पुन्हा एक किलोमीटर. म्हणून तर ट्रायडंट उड्डाणात ताऱ्याचा आधार घेतं.

मॅकेन्झींचं म्हणणं असं की अचूकता आपोआप वाढत गेली नाही. ती कुणाला तरी हवी होती म्हणून वाढली. अमेरिकी हवाई दलाला शत्रूची भूमिगत क्षेपणास्त्रं फोडायची होती. नौदलाच्या सुरुवातीच्या पोलारिसचं लक्ष्य शहरं, तिथे एवढ्या बारकाईची गरज नव्हती. जॉर्ज गॅमॉव्हसारखा भौतिकशास्त्रज्ञ तर म्हणत होता की बंद पेटीत गुरुत्व आणि त्वरण वेगळं ओळखताच येणार नाही. एमआयटीच्या चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी १९५३ मध्ये यंत्र विमानात घालून मॅसॅच्युसेट्सहून लॉस एंजेलिस गाठलं. हा भाग पुस्तकात झकास आहे.

सगळ्यात कामाचा आहे त्यांचा ‘खात्रीचा खळगा’. यंत्र बनवणारे साशंक असतात, कट्टर विरोधकही साशंक असतात. सर्वांत निःशंक असतात ते मधले, फक्त वापरणारे.

आता नाशिककडे या. २५ जून २०१६ ला एचएएलच्या इथल्या कारखान्यातून सुखोई-३० पहिल्यांदा ब्रह्मोस घेऊन उडालं. २२ नोव्हेंबर २०१७ ला बंगालच्या उपसागरात पहिला मारा झाला आणि बातमी ठरलेलीच: ‘लक्ष्याचा अचूक वेध’. बघा, आपण खळग्याच्या तळाशी बसलोय! ब्रह्मोस शेवटच्या टप्प्यात स्वतःच्या रडारने लक्ष्य शोधतं. म्हणजे वेध लागला यावरून जडत्वीय यंत्रणा किती चुकली ते कळतच नाही. तिची चूक रडारने झाकलेली असू शकते. विमानातून सुटणाऱ्या क्षेपणास्त्राला सुरुवातीची स्थिती विमानाच्या यंत्रणेकडून मिळते, तेव्हा विमानाची चूकही वारशाने येते. एकूण यश आणि एका भागाची अचूकता यांची गल्लत प्रबंधांतही सर्रास होते.

माझं भांडण इथे आहे. अचूकता कुणाला हवी होती हे मॅकेन्झी भरभरून सांगतात, पण निसर्गाने कुठे अडवलं याला तेवढी जागा देत नाहीत. टेबलावर ठेवलेला जायरो किती सरकतो हे कुणाच्या हितसंबंधांवर ठरत नाही. सीईपी, म्हणजे निम्मे मारे ज्यात पडतील त्या वर्तुळाची त्रिज्या, हा आकडा उरलेले निम्मे किती लांब पडतील ते सांगत नाही. आणि वर्तुळाचा मध्यच लक्ष्यापासून सरकला असेल तर? कॅलिफोर्नियाहून क्वाजालीनकडे घेतलेल्या चाचण्यांवरून उत्तर ध्रुवावरच्या मार्गाबद्दल काय म्हणता येईल, हा वाद ते प्रामाणिकपणे मांडतात, पण गणितात शिरायची वेळ आली की पुन्हा संस्थांकडे वळतात. दुसरं म्हणजे मोठा आधार मुलाखतींचा. गोपनीय विषयात दुसरा मार्ग नव्हता हे खरं, पण वाचकाला पडताळा घेता येत नाही.

जीपीएस १९९५ ला पूर्ण झालं, त्यामुळे ते प्रकरण राहिलंच. अग्नीची पहिली चाचणी मात्र २२ मे १९८९ ची, पुस्तकाच्या आदल्या वर्षीची. तो इतिहास या पद्धतीने लिहायचा तर त्या काळचे बरेच अभियंते आता निवृत्त आहेत. मुलाखती घ्यायच्या असतील तर लवकर घ्याव्या लागतील.