दोन गाड्या, एक निकाल

अंजनगाव सुर्जीच्या रस्त्यांवर वेगवान मोटारी क्वचितच दिसतात. मोटारींची मासिके मात्र मुलांच्या दप्तरांत हमखास सापडतात. अशाच एका मासिकातील तुलना-चाचणीवरून नववीच्या दोन मुलांत चांगलीच जुंपली. एका गाडीने ताशी 100 किलोमीटरचा वेग 9.8 सेकंदांत गाठला, दुसरीने 10.1 सेकंदांत, म्हणून पहिली श्रेष्ठ, असा निकाल छापला होता. निकाल बरोबर की चूक, हे आम्हांला ठरवता येणार नव्हते. पण तो कसा काढला, हे तर विचारता येत होते!

या लेखांचे एक श्रेय आधी मान्य केले पाहिजे. उत्पादकाच्या जाहिरातीवर विसंबून न राहता ते स्वतः मोजमाप करतात. आमची तक्रार आहे ती मोजमापाच्या अटी न सांगण्याबद्दल.

पहिली अट हवेची. हवा तापली की विरळ होते. वऱ्हाडात हिवाळ्याच्या सकाळी 15 अंश सेल्सिअस असते आणि मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. केल्विनमध्ये हे 288 व 318 झाले. म्हणजे दाब तोच असेल तर उन्हाळ्यात हवेची घनता सुमारे 9 टक्क्यांनी कमी. साध्या इंजिनाला तितका प्राणवायू कमी मिळतो आणि त्याची शक्तीही घटते. मग एक गाडी सकाळी व दुसरी भर दुपारी पळवली, तर तुलना कशाची झाली?

दुसरी अट घड्याळ केव्हा सुरू झाले याची. अनेक अमेरिकन मासिके गाडी पहिला एक फूट पुढे सरकल्यावरच वेळ मोजू लागतात. गाडीचे त्वरण दर सेकंदाला 5 मीटर प्रतिसेकंद धरा. विद्यार्थ्यांना गणित करू द्या: हे 30 सेंटिमीटर कापायला सुमारे 0.35 सेकंद लागतात आणि तोवर वेग ताशी 6 किलोमीटर झालेला असतो. म्हणजे ‘शून्य ते शंभर’ ही प्रत्यक्षात ‘सहा ते शंभर’ अशी धाव ठरते. आमच्या मुलांचे भांडण तर 0.3 सेकंदांवरून चालले होते!

तिसरी अट गाडी कोणी दिली याची. मार्च 1964 च्या ‘कार अँड ड्रायव्हर’ या अमेरिकन मासिकात पाँटियाक जीटीओ आणि फेरारी जीटीओ यांची गाजलेली तुलना आली. त्या दोन गाड्या समोरासमोर धावल्याच नव्हत्या. शिवाय कंपनीशी संबंधित जिम वँगर्स यांनी पुढे सांगितले, की चाचणीच्या पाँटियाकमध्ये 389 घनइंचांऐवजी 421 घनइंचांचे मोठे इंजिन बसवलेले होते. वाचकाने विकत घ्यायची गाडी वेगळी, तपासलेली गाडी वेगळी. दुकानातून कोणतीही एक गाडी उचलून तपासणे हाच यावरचा उपाय. पण तो खर्चाचा आहे.

चौथी अट गुणांची. समजा, ‘अ’ गाडीला वेग, आराम आणि किंमत यांसाठी 9, 6, 5 गुण मिळाले. ‘ब’ गाडीला 7, 7, 7. बेरीज 20 आणि 21, ‘ब’ पहिली. आता वेगाचे गुण दुप्पट धरा. 29 आणि 28, ‘अ’ पहिली! मोजमापातला एकही आकडा बदलला नाही, बदलले ते परीक्षकाचे मत. मत असण्यात गैर काही नाही; ते आकड्यांच्या आड लपवण्यात आहे.

याबाबत शेतीशास्त्र मोटारींच्या मासिकांपेक्षा कितीतरी पुढे आहे. रोनाल्ड फिशर यांनी 1919 नंतर इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे प्रयोगांच्या आखणीचे जे नियम घडवले, त्यांच्या आधारे कपाशीच्या वाणांची तुलना होते. प्रत्येक वाण एकाहून अधिक तुकड्यांत पेरायचा आणि कोणता तुकडा कोणाला हे चिठ्ठीने ठरवायचे. चांगली जमीन एकाच वाणाच्या वाट्याला जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. एकाच धावेवर निकाल देणारा परीक्षक म्हणजे एकाच सरीवरून वाण ठरवणारा शेतकरी.

हे मुलांना पटावे म्हणून आम्ही त्या दोघांना मोकळ्या उतारावर सायकली घेऊन उभे केले. एकाची नवी, दुसऱ्याची वडिलांची जुनी. पायडल न मारता खाली यायचे. नवी जिंकली. मग आम्ही सायकलींची अदलाबदल करायला लावली. जुनी जिंकली! दोन्ही वेळा जिंकला होता तो वजनदार मुलगा. हवेचा विरोध त्याला तुलनेने कमी अडवतो. वडिलांची सायकल भंगार नाही हे कळल्यावर दुसऱ्या मुलाचा चेहरा खुलला. त्या चेहऱ्यासाठी तरी तुलना न्याय्य असायला हवी.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गाला जरूर करून दाखवावा. आणि विज्ञान प्रदर्शनात दोन उपकरणांना क्रमांक देताना, किंवा दोन उत्तरपत्रिका शेजारी ठेवताना, हेच चार प्रश्न आधी स्वतःला विचारावेत.