काचेमागचा चौक

सांगवीहून औंधमार्गे पुणे स्टेशनजवळच्या क्वीन्स गार्डनपर्यंत जाण्यास फारसा वेळ लागत नाही. तरीही तेथील आदिवासी सांस्कृतिक संग्रहालय पाहिलेली कुटुंबे आपल्या धर्मग्रामांत मोजकीच भेटतील. १९६२ साली स्थापन झालेल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे हे संग्रहालय. वारली चित्रे, बोहाड्याचे मुखवटे, दागिने, वाद्ये असा संचय येथे जतन झाला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आदिवासींची संख्या एक कोटी पाच लाखांच्या घरात होती. एवढ्या मोठ्या समाजाचा ठेवा एका छताखाली आणणे हे निःसंशय मोलाचे कार्य होय.

परंतु संग्रहालय हा प्रकारच मोठ्या कसोटीचा. वारल्यांचा लग्नाचा चौक घ्या. सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी तो लिहितात. मध्यभागी पालघट देवी असते. धवलेरी गाते, तेव्हा विवाह पार पडतो. काचेमागे चौक येतो, धवलेरी येत नाही. मुखवट्यांचेही तेच. जव्हार-मोखाड्याकडे रात्री वाद्यांच्या गजरात नाचणारा देव आणि भिंतीवर टांगलेला मुखवटा यांत जिवंत माणूस व त्याचा अंगरखा एवढे अंतर आहे. जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात ही चित्रे कागदावर आणली व २०११ साली त्यांना पद्मश्री लाभली. कलावंताला नाव मिळाले, हे योग्यच झाले; मात्र चित्र भिंतीवरून उतरले, तेव्हा लग्नघरही त्यातून निसटले.

लोकांची परंपरा जपताना त्यांचा आवाजही जपायचा की नाही, हा प्रश्न ख्रिस्ती इतिहासाला नवा नाही, आणि त्याचे उत्तर नेहमीच भूषणावह नव्हते. १५६२ साली युकातानमधील मानी गावी फ्रान्सिस्कन फादर दिएगो दे लांदा यांनी माया लोकांच्या चित्रलिखित पोथ्या जाळल्या. आज जगात अशा चारच पोथ्या उरल्या आहेत. दैवदुर्विलास असा की, त्याच लांदांनी नोंदवून ठेवलेली अक्षरमाला पुढे १९५२ साली रशियन संशोधक क्नोरोझोव यांना माया लिपी उलगडण्यास उपयोगी पडली. याउलट ग्वातेमालातील चिचिकास्तेनांगो येथे डोमिनिकन फादर फ्रान्सिस्को खिमेनेस यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी 'पोपोल वुह' उतरवून घेतला: एका रकान्यात किचे भाषेतील मूळ, शेजारी स्पॅनिश भाषांतर. मूळ शब्द त्यांनी पुसले नाहीत. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली राशोल येथे छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त मराठी ओवीच स्वीकारली, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

क्वीन्स गार्डनच्या दालनांत फिरताना म्हणूनच खिमेनेस यांचा तो पहिला रकाना हवासा वाटतो. वस्तूखाली मराठी माहिती असावीच; शेजारी धवलेरीचे बोलही ऐकू यावेत.

डहाणू-तलासरी भागात ख्रिस्ती वारली कुटुंबे आहेत. मंदिरातील विवाहविधी आटोपल्यावर त्यांच्या घरी चौक लिहिला जातो का, धवलेरीला बोलावणे जाते का, हे कोणतेही दालन सांगणार नाही. ते त्यांनाच विचारावे लागेल, आणि विचारणाऱ्यात आपल्यापैकी कोणी असावे.