हरकी, शेरणी आणि गुन्हेगारी

जुने वतनी कागद छापतांना शेवटीं शब्दार्थांची सूची जोडण्याची चाल स्तुत्य आहे. तथापि अशा सूच्यांत ‘गुन्हेगारी’ म्हणजे अपराध आणि ‘हरकी’ म्हणजे नजराणा किंवा लांच, असे अर्थ दिलेले आढळतात. ते आम्हांस ग्राह्य वाटत नाहींत. नंदुरबार, तळोदें, शहादें या बाजूचे संग्राहक घरोघरचीं दप्तरें वाचतांना अशा सूच्यांवर विसंबतात. म्हणून हा विचार अवश्य आहे.

मराठेशाहींतील रीत अशी कीं, वतनाचा तंटा निवडला म्हणजे जो खरा झाला त्यानें सरकारांत हरकी अथवा शेरणी द्यावी, व जो खोटा झाला त्यानें गुन्हेगारी भरावी. मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील डॉ. वि. त्र्यं. गुणे यांच्या १९५३ सालच्या इंग्रजी ग्रंथांत या देण्यांचें विवेचन आहे. हरकी हा शब्द हर्षावरून आला. शेरणी म्हणजे फारसी ‘शीरीनी’, मिठाई. नांवें आनंदाचीं खरीं, पण देणें ऐच्छिक नव्हे. तें ठरवून वसूल होई. सबब नजराणा हा अर्थ अपुरा पडतो. लांच हा तर सर्वथा चुकीचा. कारण लांच लपवून देतात, हरकी सरकारच्या जमेस उघड धरली जाई.

धर्मशास्त्रांत या भेदास आधार सांपडतो. ऋणाच्या वादांत राजानें हरलेल्या ऋणकोकडून शेंकडा १० आणि ज्यास आपलें धन मिळालें त्या धनकोकडून शेंकडा ५ घ्यावे, असें याज्ञवल्क्य सांगतो. मिताक्षराकार विज्ञानेश्वर यांपैकीं पहिल्यास दंड समजतो, दुसऱ्यास भृति. हरकी ही स्मृतींतूनच उतरली असें आमचें म्हणणें नाहीं. भेदाचें तत्त्व मात्र तेंच आहे.

खरा अनर्थ ‘गुन्हेगारी’ या शब्दानें होतो. चोरी, मारामारी यांबद्दलही गुन्हेगारी घेत, हें खरें. परंतु केवळ वाद हरलेला पाटीलही ती भरी. अशा कागदावरून त्याच्या घराण्यास अपराधी ठरविणें हा अन्याय होय. त्यांतून १८७१ च्या कायद्यानें सबंध जमातीच ‘गुन्हेगार’ ठरविल्या. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, तरी त्यानें या शब्दास लावलेला डाग पुसला गेला नाहीं. तो डाग मागें नेऊन पेशवाईंतल्या कागदास लावूं नये.

यास्तव संपादकांस आमची सूचना इतकीच कीं, या शब्दांचा एकच ठराविक अर्थ सूचींत देऊन थांबूं नये. रक्कम कोणीं दिली, तो खरा झाला कीं खोटा, आणि मूळ कज्जा कशाचा, हीं तीन अंगें प्रत्येक कागदापाशीं नोंदवावीं. पुष्कळदां अर्थ त्या कागदांतच असतो. तो कोशांतून आणून वर चिकटवावा लागत नाहीं.