निधीचा फोटो

विद्यापीठं निधी गोळा करतात तेव्हा पत्रकावर फोटो दोन तऱ्हेचे. देणगीदार कोटात, खाली नाव. पोरगं बिननावाचं, कॅमेरा वरून खाली. याला चेहरा टिपणं म्हणायचं? हा तर पुढं केलेला वाडगा.

दोस्तहो, 1916-17 चा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा फोटो बघा. प्राध्यापकांत, मित्रांत बाबासाहेब. शिक्षण सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. आता त्या रांगांतनं कोण कुणाच्या पैशावर शिकतोय, ओळखून दाखवा!

हे लंडनचं. आमच्या गगनबावड्याला कॅमेरा आला, की त्याला पावसात भिजलेली पोरगी पायजे, फाटकं दप्तर पायजे. पोरी, आधी अंग पूस. मग पुस्तक घेऊन बस. कॅमेरा तुझ्या डोळ्यासमोर धरू दे. फोटोखाली तुझं नाव नि तुझा विषय छापणार का, विचार. नसतील छापत तर उठून जा.