व्यवसाय मार्गदर्शकाची अर्हता व कौशल्ये : गिरगावच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
गिरगावातील चाळींमधून महाविद्यालयात येणारे अनेक विद्यार्थी आपल्या घरातील पहिलेच पदवीधर होणार असतात. अभ्यासक्रमाची निवड चुकल्यास वाया जाणारे वर्ष व शुल्क अशा कुटुंबांना पेलत नाही. म्हणूनच त्यांना सल्ला देणाऱ्या व्यक्तीची पात्रता कोणती असावी, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

विवेचन :
मुंबईत या कार्याची परंपरा जुनी आहे. १९४१ मध्ये बाटलीबॉय व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू झाले. १९५० मध्ये मुंबई सरकारने स्वतःचे केंद्र स्थापन केले व १९५७ मध्ये त्याचे संस्थेत रूपांतर झाले. या शास्त्राचे प्रवर्तक फ्रँक पार्सन्स यांनी १९०९ च्या ग्रंथात तीन गोष्टी आवश्यक मानल्या : स्वतःची ओळख, व्यवसायांची माहिती आणि या दोहोंची विवेकपूर्ण सांगड.

आपल्याकडे मात्र पहिल्या अंगावरच, तेही चाचणीपुरताच, भर दिसतो. २०१६ साली राज्यात दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेण्यात आली. कल म्हणजे अभिरुची. ती अभिक्षमता नव्हे. हा भेद समजावून सांगणारा प्रशिक्षित मार्गदर्शक नसेल, तर अहवालातील शेरा पालकांना अंतिम निर्णय वाटतो.

दुसरे अंग अधिक उपेक्षित आहे. १९८२ च्या संपानंतर शेजारच्या गिरणगावातील हजारो कामगारांचा रोजगार गेला आणि पिढीजात वाटणारी गिरणीतील नोकरी पुढच्या पिढीसाठी उरली नाही. स्थानिक रोजगाराचे असे बदल ज्यास ठाऊक नाहीत, त्याचा सल्ला चाचणी अचूक असूनही फसू शकतो.

भारतात वकिलीप्रमाणे या व्यवसायासाठी सनद बंधनकारक नाही. परिणामी अल्पमुदतीच्या प्रशिक्षणानंतर, अथवा त्याविनाही, कोणीही ‘करिअर समुपदेशक’ अशी पाटी लावू शकतो. एखाद्या शिक्षणसंस्थेकडून प्रवेशामागे दलाली घेणारा मार्गदर्शक तर विद्यार्थ्याचा हितचिंतक राहतच नाही.

समारोप :
मानसशास्त्र वा शिक्षणशास्त्रातील पदव्युत्तर पदवी, मार्गदर्शन व समुपदेशनातील पदविका आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालील सराव ही किमान अर्हता मानावी. चाचणीची विश्वसनीयता पारखणे, मुलाखत घेणे, पालकांशी त्यांच्या भाषेत बोलणे, गोपनीयता पाळणे व उद्योगांशी संपर्क ठेवणे ही कौशल्ये त्यास जोडावीत. वेळापत्रकात रिकामा तास असलेल्या प्राध्यापकाकडे मार्गदर्शन कक्ष सोपविण्याची प्रथा महाविद्यालयांनी प्रथम थांबवावी.