षड्ज न सोडणारा बँड

१४ फेब्रुवारी १९७२ ला लेड झेपेलिन या रॉक बँडचा कार्यक्रम सिंगापुरात ठरला होता. तो झाला नाही. पुरुषांनी केस वाढवू नयेत, असा त्या काळी इथल्या सरकारचा कडक आग्रह होता. लांब केसवाल्यांचं काम सर्वांत शेवटी होईल, अशा पाट्या सरकारी कचेऱ्यांत लागलेल्या असत. बँडला प्रवेश मिळाला नाही, आणि चौघे तसेच पुढे ऑस्ट्रेलियाला गेले. मी राहतो त्या सेंगकांगमध्ये तेव्हा इमारती नव्हत्या. कांगकारच्या कोळ्यांची वस्ती होती, शेतमळे होते. तो कार्यक्रम हुकला याची हळहळ मला वाटते. पण त्याच वर्षी मुंबईत जे घडलं, ते माझ्या लेखी एखाद्या मैफिलीपेक्षा मोठं आहे.

गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’मध्ये ते एका रात्री हौसेने वाजवून गेले, ही आठवण जुने मुंबईकर अजून सांगतात. खरं काम मात्र स्टुडिओत झालं. बासरीवादक विजय राघव राव यांच्या मदतीने मुंबईचे तबलजी आणि व्हायोलिनवादक जमवून त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपलीच दोन गाणी पुन्हा मुद्रित केली. चोरट्या प्रतींमधून ती वर्षानुवर्षं फिरत राहिली. रीतसर बाहेर आली ती जुलै २०१५ मध्ये, ‘कोडा’ या अल्बमच्या नव्या आवृत्तीबरोबर.

‘फ्रेंड्स’ मूळचं १९७० च्या तिसऱ्या अल्बममधलं. पेजने त्यासाठी गिटार वेगळी लावली आहे: सहापैकी तीन तारा एकाच स्वराला, म्हणजे षड्जाला. त्यामुळे डावा हात काहीही करो, खाली ‘सा’ वाजतच राहतो. त्या न हलणाऱ्या ‘सा’वर तीव्र मध्यम येऊन घासतो. आपल्या कानाला क्षणभर यमनची चाहूल लागते, पण पुढे यमनचं चलन काही येत नाही. तो मध्यम पंचमाकडे निघालेला नाही, तो तिथेच अडून बसतो. मैत्रीबद्दलच्या गाण्यात एवढी बेचैनी कुठून आली, याचं उत्तर मला त्या एका स्वरात सापडतं. मूळ गाण्यात बँडच्याच जॉन पॉल जोन्सने बांधलेली व्हायोलिनं हा ताण वाढवत नेतात. मुंबईत तेच काम आपले वादक करतात, तबला त्यांना जमीन देतो आणि गाणं थोडं निवतं. धमकीचा सूर ओसरून त्यात विनवणी येते. शब्द तेच, गाणारा तोच. पंचविशीही न गाठलेला प्लांट इथे किंकाळी फोडायची गरज नसल्यासारखा गातो.

‘फोर स्टिक्स’चं प्रकरण लयीचं आहे. १९७१ च्या चौथ्या अल्बमसाठी ड्रमर जॉन बॉनमने हे गाणं प्रत्येक हातात दोन-दोन काड्या धरून वाजवलं, नाव त्यावरूनच पडलं. पाच मात्रांचे गट चालतात आणि मध्येच चाल सहावर जाते. बँडने ते रंगमंचावर आणल्याची नोंद एकदाच सापडते, मे १९७१ मध्ये कोपनहेगनला. मुंबईच्या मुद्रणात गायन नाही. त्यामुळे एक गोष्ट उघडी पडते: गिटारची ती पुन्हापुन्हा येणारी ओळ म्हणजे तबल्याच्या एकलवादनातला लेहराच आहे. लेहरा बदलत नाही, म्हणून त्याच्यावर तबला काय वाटेल ते करू शकतो. दुर्दैवाने इथे तबला फार काही करत नाही. वादक पाच-सहाच्या हिशेबात जपून पावलं टाकताना ऐकू येतात, आणि कुणीतरी एक झक्क तिहाई मारावी अशी इच्छा अपुरी राहते. हे कच्चं रेखाटन आहे, पण कशाचं रेखाटन, ते तीन वर्षांनी कळलं.

फेब्रुवारी १९७५ मध्ये ‘काश्मीर’ आलं. नाव काश्मीरचं, पण प्रेरणा दक्षिण मोरोक्कोतल्या एका लांबलचक वाळवंटी रस्त्याची. लिहिताना प्लांटने काश्मीर पाहिलंही नव्हतं. साडेआठ मिनिटांच्या या गाण्याची मुख्य ओळ तीन-तीनच्या गटांत चढत जाते, बॉनमचे ड्रम मात्र चारांत. दोघे आपापल्या हिशेबाने चालतात आणि बारा मात्रांनी समेवर भेटतात. सेंगकांगची पूर्वेकडची छोटी गाडी रुंबिया, बकाऊ, कांगकार करत वळसा घालून मूळ स्थानकात येते, तितक्या बिनचूक. आणि इथे बॉनम काय करतो? साधा ठेका धरतो. जगातला सर्वांत दणकट ड्रमर म्हणून ज्याची ख्याती, तो मोह आवरून लेहऱ्याला मोठं होऊ देतो. या गाण्याचा डौल त्या आवरण्यात आहे.

‘काश्मीर’साठी गिटारच्या तारा जशा लावल्या आहेत, तशाच पेजने १९६९ च्या पहिल्या अल्बममधल्या ‘ब्लॅक माउंटन साइड’मध्ये लावल्या होत्या. त्यात तबल्यावर वीराम जसानी होते. म्हणजे मुंबईची वारी ही मध्येच सुचलेली हौस नव्हती. पहिल्या तबकडीपासून हा बँड एक स्वर धरून ठेवायचा आणि त्याच्याभोवती लयीला भांडायला लावायचं, याच कामाला लागला होता. ब्लूजची उसनवारी आणि प्रचंड आवाज यांचीच चर्चा फार झाली.

२५ सप्टेंबर १९८० ला बॉनम गेला आणि त्याच डिसेंबरात उरलेल्या तिघांनी बँड थांबवला. तो बारा वर्षं चालला. गाणी मात्र थांबली नाहीत. १९९४ मध्ये पेज आणि प्लांट इजिप्शियन वादकांना घेऊन बसले, तेव्हा त्यांनी ‘फ्रेंड्स’, ‘फोर स्टिक्स’ आणि ‘काश्मीर’ ही तिन्ही निवडली. १० डिसेंबर २००७ ला लंडनच्या ओटू अरीनात तिघे पुन्हा एकत्र आले, तेव्हा ‘काश्मीर’चा ठेका बॉनमच्या मुलाने, जेसनने धरला. १९९४ चं ‘फोर स्टिक्स’ मुंबईच्यापेक्षा कितीतरी सफाईदार आहे, तालवादक मोकळे खेळतात, कुणी मात्रा मोजत नाही. ‘फ्रेंड्स’ मात्र मी मुंबईचंच लावतो. तीव्र मध्यमावर अडून बसलेलं ते गाणं तबल्याच्या सोबतीने जितकं सैलावलं, तितकं पुढे कुठेच सैलावलेलं नाही.